स्मारक मृतांचे, हक्क जिवंतांचा



मुंबई-गोवा महामार्गावरून प्रवास करताना आपण माणगावला अनेकदा थांबला असाल. तेथील तहसील कार्यालयाजवळ एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. तो नाईक यशवंत घाडगे यांचा. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो कामी आला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा त्या काळचा सर्वोच्च लष्करी सन्मान त्याला मिळाला. दूर इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे. तालुक्याने आपल्या या मुलाची आठवण ठेवली, ही कृतज्ञतेची गोष्ट आहे, आणि जो माणसांचा कृतज्ञ नाही तो अल्लाहचाही कृतज्ञ नाही, ही शिकवण आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे.

परंतु त्या दिवसाच्या नोंदीत एक तपशील आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्वजण ठार किंवा जखमी झाले. त्यानंतर ते एकटेच त्या मशीनगनवर चालून गेले. ठार झालेल्यांची नावे कोठे ना कोठे दगडावर कोरली गेली असतील. पण त्या ‘जखमी’ माणसांचे काय झाले? कोणाचा हात गेला असेल, कोणाचा पाय, कोणाची दृष्टी. ते आपापल्या गावी परतले असतील आणि त्यानंतर तीस-चाळीस वर्षे जगले असतील. त्यांचे स्मारक कोठे आहे? त्यांचे स्मारक असावे काय? असावे, तर ते कसे असावे? या प्रश्नाकडे आज आपण इस्लामच्या शिकवणीच्या प्रकाशात पाहू या.

दगड कशासाठी?

स्मारकाचा विषय निघाला की इस्लामचा साधेपणा आपल्याला आठवतो. कबरी चुन्याने पक्क्या करण्यास आणि त्यांवर बांधकाम करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केल्याची हदीस हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून ‘सहीह मुस्लिम’मध्ये आली आहे. मृत्यूनंतर श्रीमंत व गरीब, सेनापती व शिपाई एकाच मातीत सारखेच निजतात. कबरस्तानात जाण्याचा हेतू आखिरतची आठवण हा आहे. तेथे कोणाचे वैभव पाहायला जायचे नसते.

तरीही याच शिकवणीत एका दगडाची हकीकत आहे. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांचे दफन झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) एका माणसाला दगड आणण्यास सांगितले. त्याला तो उचलेना. तेव्हा प्रेषित (स.) स्वतः उठले, त्यांनी बाह्या सरसावल्या, दगड उचलून आणला आणि कबरीच्या उशाशी ठेवला. आपल्या या भावाची कबर ओळखू यावी आणि पुढे कुटुंबातील माणसांना त्याच्याजवळ दफन करता यावे, असा त्यांचा हेतू होता. ‘सुनन अबू दाऊद’मधील ही हकीकत आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. तो दगड मृताचा मोठेपणा सांगत नव्हता. तेथे आपला भाऊ आहे, एवढीच ओळख तो देत होता. स्मारकाचा मूळ हेतू हाच असेल, तर मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही. मेलेल्या भावाची कबर ओळखू यावी म्हणून ज्या धर्मात इतकी काळजी घेतली गेली, त्या धर्मात जिवंत, जायबंदी भावाला ओळख न देण्याची मुभा कशी असेल?

एकच साल, दोन वास्तू

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हजारो हिंदी सैनिकांना इंग्लंडमधील ब्रायटन येथील रुग्णालयांत नेण्यात आले. त्यांपैकी जे मुस्लिम सैनिक वाचले नाहीत, त्यांच्यासाठी वोकिंग येथील शाहजहान मशिदीपासून जवळच, हॉर्सेल कॉमन या माळरानावर, कमानी आणि घुमटी असलेले एक दफनस्थान बांधण्यात आले. ते १९१७ साली पूर्ण झाले. १९६८ साली तेथील कबरी ब्रुकवूडच्या लष्करी दफनभूमीत हलवण्यात आल्या आणि २०१५ साली त्या जुन्या जागी शांती-उद्यान उभे राहिले. परमुलुखात मरण पावलेल्या त्या माणसांची आठवण अशी शंभर वर्षे जपली गेली.

आता याच १९१७ सालात आपल्याकडे काय घडत होते ते पाहा. हातपाय गमावून जे सैनिक जिवंत परत आले, त्यांना एखादा धंदा शिकवावा म्हणून मुंबई इलाख्याचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नीच्या पुढाकाराने एक शाळा सुरू झाली. तीच पुढे पुण्याजवळ खडकी येथे ‘क्वीन मेरी तंत्रशाळा’ म्हणून नावारूपाला आली आणि आजही अपंग सैनिकांना काम शिकवते. खडकीतच १९७४ पासून पाठीच्या कण्याला दुखापत होऊन पंगू झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. माणगावहून निजामपूर, ताम्हिणी घाट आणि मुळशी या वाटेने पुण्याला जाणाऱ्या आपल्या वाचकांना हे ठिकाण फार दूर नाही.

खडकीत आणखी एक ठिकाण आहे, ते म्हणजे युद्धातील मृतांची दफनभूमी. तेथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी एका ओळीत, एका मापाच्या शिळांखाली आहेत, आणि पहिल्या महायुद्धातील अठराशेहून अधिक सैनिकांचे स्मरण करणारे स्मारकही तेथेच आहे. हिरवळ निगुतीने राखलेली असते. पर्यटक येतात, विद्यार्थी येतात, शांतपणे फिरून जातात. हे योग्यच आहे. परंतु त्याच खडकीत चाकांच्या खुर्चीवर बसून काम करणारा जवान किती जणांना पाहावासा वाटतो? मृतांपुढे आपण सहज मान झुकवतो, कारण मृत माणूस आपल्याकडे काही मागत नाही. जिवंत जायबंदी माणूस मागतो. त्याला दार रुंद हवे असते, जिन्याऐवजी उतार हवा असतो, काम हवे असते, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत बरोबरीचा मान हवा असतो. मृतांचा सन्मान स्वस्त पडतो, जिवंताचा महाग पडतो, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

भूतलावर चालणारा शहीद

या बाबतीत प्रेषितांच्या (स.) जीवनातील आदर्श अगदी स्पष्ट आहे. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या लढाईत एक वेळ अशी आली की शत्रूचे बाण थेट प्रेषितांच्या (स.) रोखाने येऊ लागले. त्या वेळी हजरत तल्हा (रजि.) यांनी आपल्या हाताचीच ढाल केली. तो हात कायमचा लुळा पडला. लढाईला पुष्कळ वर्षे लोटल्यावर कैस बिन अबू हाजिम यांनी तो लुळा हात पाहिल्याचे ‘सहीह बुखारी’त नोंदवले आहे.

तल्हा (रजि.) त्या दिवशी मरण पावले नाहीत. त्यानंतर ते सुमारे तीन दशके जगले. आणि त्यांच्याविषयी प्रेषितांनी (स.) जे म्हटले ते ‘तिर्मिजी’त आले आहे. त्याचा आशय असा की, ज्याला भूतलावर चालणारा शहीद पाहायचा असेल त्याने तल्हाकडे पाहावे.

वाचकहो, या एका उद्गारात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. शहीद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कफन आणि कबर येते. प्रेषितांनी (स.) मात्र हा शब्द बाजारात जाणाऱ्या, मुलाबाळांत राहणाऱ्या, लुळ्या हाताच्या एका जिवंत माणसासाठी वापरला. त्याने मरेपर्यंत थांबावे आणि मग त्याचा गौरव व्हावा, असे त्यांनी केले नाही. त्याच्याकडे ‘पाहावे’ असे त्यांनी सांगितले. आपण नेमके याच्या उलट वागतो. अपंग माणूस समोरून आला की आपण नजर दुसरीकडे वळवतो आणि तिला सभ्यपणा म्हणतो.

पुढे काय झाले तेही महत्त्वाचे आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या पश्चात खलीफा निवडण्यासाठी जी सहा जणांची समिती नेमली, तिच्यात तल्हा (रजि.) होते. लुळ्या हातामुळे त्यांना ‘बिचारा’ ठरवून कोपऱ्यात बसवण्यात आले नाही. सन्मानाबरोबर जबाबदारीही देण्यात आली.

एका अंध माणसाचा प्रश्न

सूरह निसाच्या ९५व्या आयतीत घरी बसून राहणारे आणि अल्लाहच्या मार्गात प्राण व संपत्तीनिशी झटणारे यांची तुलना आहे. हे दोघे सारखे नाहीत, असे तेथे सांगितले आहे. ही आयत लिहून घेतली जात असताना हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) आले. ते अंध होते. त्यांनी विचारले की, मला दिसते असते तर मीही गेलो असतो. मग माझे काय? त्यावर ज्यांना शारीरिक अडचण आहे त्यांना वगळणारे शब्द त्या आयतीत उतरले. एका अंध माणसाने आपली वेदना मांडली आणि त्याला न्याय देणारे शब्द अल्लाहच्या ग्रंथात कायमचे आले. अपंग माणसासाठी याहून मोठे आणि टिकाऊ स्मारक दुसरे कोणते असेल?

हेच ते उम्मे मकतूम यांचे पुत्र, ज्यांच्या निमित्ताने सूरह अबस उतरली. कुरैशच्या प्रतिष्ठितांशी बोलणे चालू असताना ते आले तेव्हा प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी पडली, आणि अल्लाहने त्याबद्दल आपल्या प्रेषितांनाही समज दिली. आठी त्या अंध माणसाला दिसलेली नव्हती. तरीही ती नोंदवली गेली. आपल्या कपाळावरच्या आठ्यांची नोंद होत नसेल, असे आपण कशाच्या बळावर मानतो? पुढे प्रेषित (स.) मदीनेबाहेर जात तेव्हा अनेकदा मागे याच अंध सहाबींना आपला प्रतिनिधी म्हणून नेमून जात, आणि रमजानमध्ये पहाटेच्या त्यांच्या अजानवर सगळे मदीना सहरी थांबवत असे.

युद्ध कोणाचे, जखम कोणाची?

येथे एखादा विचारी वाचक एक रास्त आक्षेप घेईल. यशवंत घाडगे किंवा वोकिंगला दफन झालेले ते सैनिक परक्या सत्तेच्या फौजेत होते. ते युद्ध आपले नव्हते. मग त्या जखमांना मान कसला?

युद्धाचा न्याय-अन्याय हा प्रश्न इस्लाम फार गंभीरपणे घेतो. केवळ शूर म्हणवून घेण्यासाठी लढून मेलेल्या माणसाचा कयामतच्या दिवशी पहिल्यांदा निवाडा होईल आणि त्याच्या हाती काहीच उरणार नाही, अशी हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तेव्हा रणांगणावर पडलेला प्रत्येकजण आपोआप थोर ठरतो, असे आपण म्हणत नाही. परंतु हेतूचा निवाडा अल्लाहकडे आहे. आपल्याकडे आहे ते कर्तव्य, आणि जखमी माणसाबद्दलचे कर्तव्य त्याच्या युद्धाच्या निवाड्यावर अवलंबून ठेवता येत नाही.

हजरत उमर (रजि.) यांची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांनी एका वृद्ध, अंध यहुदी माणसाला दारोदार भीक मागताना पाहिले. चौकशी केली तेव्हा जिझिया, गरज आणि वार्धक्य यांमुळे ही वेळ आल्याचे समजले. ते त्याला आपल्या घरी घेऊन गेले, घरातून काही दिले आणि बैतुलमालच्या प्रमुखास सांगितले की, याच्या तरुणपणी आपण याच्याकडून घेतले आणि म्हातारपणी याला वाऱ्यावर सोडले, हा न्याय नव्हे. त्याचा जिझिया माफ झाला आणि त्याला नेमणूक मिळाली. इमाम अबू यूसुफ यांनी ही हकीकत आपल्या करविषयक ग्रंथात दिली आहे. यात त्या माणसाचा धर्म विचारात घेतला गेला नाही, त्याचे पूर्वायुष्य तपासले गेले नाही. ज्याच्या तारुण्यातून समाजाने काही घेतले, त्याचा वार्धक्यात समाजावर हक्क आहे, एवढेच तत्त्व तेथे लागू झाले. जायबंदी सैनिकाला हे तत्त्व शब्दशः लागू पडते. त्याच्या तारुण्यातून जे घेतले गेले, ते तर परत करण्यासारखेही नाही.

आपल्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी मुस्लिम घरांतील माणसे पिढ्यान्पिढ्या बोटींवर खलाशी म्हणून गेली. दोन्ही महायुद्धांत ज्या खलाशांना समुद्रानेच कबर दिली, त्यांची स्मृती मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशी निवासात जपलेली आहे. पहिल्या युद्धातील दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्या युद्धातील सहा हजारांहून अधिक. पण जे बुडाले नाहीत, हात किंवा पाय गमावून घरी आले, त्यांची यादी कोणत्याही वहीत नाही.

सब्र कोणी करायचा?

असे एक चाचा आमच्या लहानपणी माणगाव परिसरातील आमच्या गावात होते. तरुणपणी बोटीवर असताना युद्धात त्यांचा उजवा पाय मांडीपासून गेला होता. कुबडीवर चालत. आपल्या शाफई फिक्हप्रमाणे जिवंत माणसाचा तुटलेला अवयव कापडात गुंडाळून दफन करतात. त्यांचा पाय कोण्या परक्या बंदरात पुरला गेला होता. ते हसून म्हणत, “पोरांनो, माझा एक पाय पुढे गेलाय, बाकीचा मी मागून येतोय.”

आमच्या मशिदीला तेव्हा सहा उंच पायऱ्या होत्या, दगडी आणि शेवाळलेल्या. पावसाळ्यात चाचा वर येत नसत. जुम्याला खाली ओसरीवर, चपला काढतात त्या जागेशेजारी, ते आपली चटई टाकत. आम्ही सारे त्यांना सलाम करून वर जात असू. कोणीतरी म्हणे, “चाचांचा सब्र पाहा, अल्लाह अज्र देईल.” कोणाच्याही मनात आले नाही की पायऱ्यांच्या कडेला एक उतार बांधावा, किंवा निदान दोघांनी हात द्यावा. मीही त्या वर जाणाऱ्यांतच होतो.

ते वारले तेव्हा भर पावसाळा होता. जनाजाला खांदा देण्यासाठी माणसांची रीघ लागली. त्याच सहा पायऱ्यांवरून आम्ही त्यांना अलगद, कोठे धक्का न लागू देता वर नेले आणि पहिल्या सफच्या पुढे ठेवले. जिवंतपणी त्या जागी ते कित्येक वर्षांत पोहोचले नव्हते. आज इतक्या वर्षांनीही तो प्रसंग आठवला की मला लाज वाटते.

सब्र हा फार मोठा गुण आहे यात शंका नाही. ज्याचे दोन्ही डोळे गेले आणि ज्याने सब्र केला त्याला जन्नतचे वचन आहे. परंतु सब्र हे संकटात सापडलेल्या माणसाचे कर्तव्य आहे. त्याच्या शेजाऱ्याचे कर्तव्य वेगळे आहे. दुसऱ्याच्या सब्राची तारीफ करून आपण आपली जबाबदारी झटकत असू, तर आपण एका पवित्र शब्दाचा दुरुपयोग करत आहोत. कयामतच्या दिवशी अल्लाह विचारील की, मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस; आणि माणूस गोंधळून जाईल, तेव्हा त्याला सांगितले जाईल की, माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला तेथेच भेटलो असतो. या हदीसमध्ये त्या आजारी माणसाने सब्र केला की नाही, हा प्रश्नच विचारलेला नाही. प्रश्न फक्त आपल्याला आहे.

आपण काय करू शकतो?

सरकारचे कर्तव्य सरकारने करावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे बंधन घातले. त्या कायद्याचा लाभ आपल्या माणसांना मिळवून देणे हेही पुण्याचे काम आहे. पण काही गोष्टी कोणत्याही कायद्याची वाट न पाहता प्रत्येक गावच्या जमातीला करता येतील.

येत्या जुम्याला मशिदीच्या पायऱ्या मोजा. वजूच्या जागेपर्यंत कुबडी किंवा चाकांची खुर्ची पोहोचते का, ते स्वतः चालून पाहा. कबरस्तानाची वाट पाहा. आपल्या आईवडिलांच्या कबरीवर दुआ करण्याचा हक्क अपंग मुलालाही आहे, आणि चिखलात त्याची खुर्ची रुतत असेल तर तो हक्क आपण हिरावला आहे. जमातीच्या वहीत गावातील अपंग माणसांची नावे लिहा, मग ती युद्धातील असोत, बोटीवरील असोत, कारखान्यातील असोत वा महामार्गावरील अपघातातील. जकात देताना त्यांच्या घरचा विचार करा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्यांना कमिटीवर घ्या, मदरशाचा हिशोब सोपवा, लग्नाच्या बैठकीत त्यांचे मत विचारा. सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांना टोपणनावांनी हिणवण्यास मनाई आहे; ‘लंगडा’, ‘थोटा’, ‘आंधळा’ ही विशेषणे माणसाच्या नावाआधी लावण्याची आपल्या वाड्या-मोहल्ल्यांतील सवय आजपासून सोडा. माणसाला त्याच्या नावाने हाक मारण्याला एक पैसाही लागत नाही.

आणि माणगावला तहसील कार्यालयाजवळ पुन्हा थांबाल तेव्हा त्या बावीस वर्षांच्या तरुणाबरोबर त्याच्या तुकडीतील, नाव नसलेल्या त्या जखमींचीही आठवण करा. मुलांना विचारा की, ते घरी परतले तेव्हा गावाने त्यांना कसे वागवले असेल. या प्रश्नातून मुले जे शिकतील, ते आपल्या गावातील जिवंत माणसाच्या कामी येईल.

आमच्या गावी आता मशिदीला उतार आहे. चाचा गेल्यानंतर तो बांधला गेला. उशीर झाला, पण ज्या दिवशी तो तयार झाला त्या दिवशी एक अर्धांगवायू झालेले गृहस्थ तीन वर्षांनंतर प्रथमच जमातीत उभे राहिले. म्हणजे खरे तर बसले, सफच्या टोकाला, खुर्चीवर. त्या उतारावर कोणाचेही नाव कोरलेले नाही.

अल्लाह आपल्या सर्व मरहूमांना क्षमा करो, आपल्या जायबंदी बंधू-भगिनींना बळ व सन्मान देवो, आणि त्यांचे हक्क त्यांच्या हयातीतच अदा करण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.